बराकीचं भाडं

खोली खाली करण्याच्या नोटिशीचा साचा ठरलेला असतो. वर तारीख, डावीकडे नाव-पत्ता, मग "आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून", मग मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, थकबाकी अंकात आणि अक्षरात, आणि शेवटी मुदत. हा साचा मी उल्हासनगरात अर्धं आयुष्य टाइप केला. सरकारी कचेरीबाहेर लाकडी टेबल, इंग्रजीला रेमिंग्टन, मराठीला गोदरेज, वर ताडपत्री. वकिलांचे कारकून नोटिसा टाइप करून न्यायचे आणि आठवड्याने ती नोटीस ज्याला मिळाली तो माणूस तिचं उत्तर टाइप करून घ्यायला माझ्याकडेच यायचा. एकाच खोलीचे दोन्ही पक्ष माझ्या टेबलावरून गेले आहेत. मी कोणाला काही सांगितलं नाही. टायपिस्टाने मजकूर वाचायचा नसतो, पण डोळे काही मिटून घेता येत नाहीत.

उत्तर टाइप करायला येणारा माणूस सोबत कागद आणतो. कोणाकडे ते कापडी पिशवीत, कोणाकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. 'यातलं लागेल ते बघा टायपिस्टकाका,' असं म्हणून तो डबा उपडा करतो. रेशनकार्ड, लाइटबिल, भाडेपावत्या, लग्नपत्रिका, आणि जुन्या सिंधी घरांतून आलेल्या डब्यात तळाशी पुनर्वसन खात्याचा पिवळा पडलेला इंग्रजी कागद. या गावांचा भाड्याचा इतिहास मला असा उलटा कळला, वरच्या कागदाकडून तळाच्या कागदाकडे. त्यावरून माझं मत झालं ते असं: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात भाडेकरू किती सुरक्षित, हे त्याने भाडं वेळेवर दिलं की नाही यावर फारसं ठरलं नाही. मालक कोण, यावर ठरलं.

सुरुवात लढायांपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धाने आपल्याला भाडेनियंत्रण दिलं आणि दुसऱ्याने बराकी. 1915 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा गोदीत, आणि घरी बेलीफ आलेला. मेरी बार्बर नावाच्या बाईने शेजारणी जमवल्या, बायकांनी भाडं देणं बंद केलं, बेलिफाला जिन्यातच अडवलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला युद्धकाळापुरता भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, 1918 मध्ये, मुंबईतही तसाच कायदा आला आणि त्याच्या नावातसुद्धा युद्ध होतं. पुढे 1947 चा मुंबई भाडे कायदा झाला. तो 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला आणि अर्धशतक टिकला. त्याचं बारावं कलम आमच्या धंद्यात पोरासोरांनाही पाठ. भाडेकरू प्रमाणित भाडं देत असेल, किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. थकलंच, तर आधी लेखी नोटीस, मग एक महिना, मग दावा.

आता बराकी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या अलीकडे लष्कराची मोठी छावणी बसली. त्यासाठी शहाड, वडोल, माणेरे अशा गावांच्या शिवारातली जमीन गेली. महापालिका सांगते त्या आकड्याने 2126 बराकी होत्या. लांबलचक, मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, सैन्य गेलं, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून माणसं कराचीहून बोटींनी मुंबईला उतरू लागली, तेव्हा सरकारजवळ छप्पर असलेली जागा होती ती हीच. पाच कॅम्प, सुमारे एक लाख माणसं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही इथला पत्ता कॅम्पच्या आकड्यानेच सांगतात. रिक्षावाल्याला 'चार नंबर' म्हटलं की पुरतं.

निर्वासितांनी कुठे राहायचं हेही त्यांच्या हातात पूर्ण नव्हतं. 1948 मध्ये मुंबई सरकारने निर्वासितांसाठी खास कायदा केला. त्यात प्रत्येकाने नोंदणी करायची, आणि सरकार सांगेल त्या भागात राहायला जायचं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. मुंबई शहरात आणखी गर्दी नको, हे सरकारचं धोरण होतं. सिंधमधल्या कराचीला, हैदराबादला, शिकारपूरला ज्यांचे दुमजली वाडे होते त्यांना हॉलमध्ये गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे लावून शेजार मिळाला. पडद्यापलीकडे कोणी खोकलं तरी इकडे कळायचं, असं एका सिंधी अम्माने मला सांगितलं होतं. तिची सून माझ्याकडे वाटणीपत्राचा मसुदा घेऊन आली होती आणि अम्मा खुर्चीवर बसून मला जुनं सांगत होती. सून घड्याळ बघत होती.

आधी धान्य आणि छप्पर सरकारकडून होतं. मग धान्य बंद झालं आणि छपराला भाडं लागलं. आणि इथेच तो पेच होता, जो कल्याणातल्या चाळकऱ्याला माहीत नव्हता. भाडे कायद्याचं चौथं कलम म्हणतं, सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच तालुक्यात, कल्याणच्या टिळक चौकातला भाडेकरू खासगी मालकापासून कायद्याने सुरक्षित, आणि दोन स्टेशनं पुढे बराकीत राहणारा निर्वासित उघडा. त्याला बारावं कलम नाही. त्याचा मालक सरकार.

सरकारी जागा खाली करून घ्यायला केंद्राने 1950 मध्ये आणि मुंबई राज्याने 1955 मध्ये वेगळे कायदे केले. राज्याच्या कायद्यात दोन महिन्यांहून जास्त भाडं थकलं की सक्षम अधिकारी नोटीस काढू शकतो, मुदत एक महिना. नोटीस घेतली नाही तर दारावर चिकटवायची. महिन्याच्या आत पैसे भरले तर हुकूम रद्द होतो, एवढी सवलत. दिवाणी कोर्ट नाही, साक्षीपुरावा नाही. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे शेतसारा थकवलेल्या शेतकऱ्याच्या दारात जसा जप्तीचा माणूस येतो तसा बराकीच्या दारात. कागदावर इतका कडक मालक या पट्ट्यात दुसरा झाला नाही.

पण डब्यांच्या तळाचे कागद वेगळंच सांगतात. मागणीच्या नोटिसा भरपूर सापडतात. थकबाकीचे तक्ते, आठवणपत्रं, शेवटची संधी, मग पुन्हा एक शेवटची संधी. प्रत्यक्ष बाहेर काढल्याचा कागद मी हातात धरलेला फार कमी. याचं कारण मला तरी उघड वाटतं. निर्वासिताला छावणीतून बाहेर काढायचं तर कुठे? त्याच्यासाठी उभारलेली जागा तीच. त्याला रस्त्यावर काढला तर दुसऱ्या दिवशी सरकारलाच पुन्हा आत घ्यावा लागला असता. शिवाय कॅम्पला आवाज होता. सिंधमधले जुने काँग्रेसनेते डॉ. चोइथराम गिडवाणी पहिल्या लोकसभेत ठाण्याचे खासदार होते, तेही विरोधी बाकांवरून. निर्वासितांच्या भाड्याचा, कर्जाचा, दाव्यांचा प्रश्न निघाला की ते उठून बोलायचे.

मग सरकारने ही थकबाकी मिटवली कशी? वसूल करूनही नाही, माफ करूनही नाही. भिंती विकून.

1954 मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा आला. त्यामागचा हिशोब मला पहिल्यांदा उमगला तेव्हा मी टायपिंग थांबवून तो कागद दोनदा वाचला. सिंधमध्ये मागे राहिलेल्या स्थावर मिळकतीबद्दल निर्वासितांनी दावे केले होते. 1950 च्या कायद्याखाली ते तपासले गेले. लहान दाव्यांना टक्के जास्त, मोठ्या दाव्यांना कमी, असं भरपाईचं प्रमाण ठरलं. ती रक्कम रोख देण्याऐवजी, तो ज्या बराकीत राहतो तीच त्याच्या नावे करायची. आणि भरपाईतून आधी 'सार्वजनिक येणी' कापायची. या येण्यांत कायद्याने पहिलं नाव कोणाचं घातलं? सरकारी जागेच्या थकलेल्या भाड्याचं. त्यापाठोपाठ सरकारी कर्जं.

म्हणजे ज्याचा शिकारपूरला वाडा होता, त्याचं उल्हासनगरातलं थकलेलं भाडं त्या वाड्यातून वळतं झालं. तो भाडेकरू म्हणून झोपला आणि मालक म्हणून उठला. हाती मालकीची सनद आली.

ज्याचा शिकारपूरला वाडा नव्हता, त्याचं काय? दावा फक्त स्थावर मिळकतीचा. सिंधमध्येही जो भाड्यानेच राहत होता, दुकानात गडी होता, ज्या बाईकडे नवऱ्याच्या मिळकतीचा एकही कागद पोचला नाही, त्यांच्याकडे वळतं करायला काही नव्हतं. त्यांना तीच जागा हप्त्यांनी विकत घ्यायची सोय होती. पण हप्ता द्यायचा तर कमाई हवी, आणि कमाई नव्हती म्हणूनच तर भाडं थकलं होतं. या लोकांसाठी त्या व्यवस्थेने थोडं काही केलं, हेही सांगायला हवं. एकट्या बायका, म्हातारे, अपंग यांच्यासाठी सरकारी आश्रयगृहं आणि निर्वाहभत्ता होता. 1953 च्या अंतरिम भरपाई योजनेत विधवांचा आणि आश्रयगृहांतल्या लोकांचा नंबर आधी लावला. आणि 1954 च्या कायद्यातच एकोणतिसावं कलम आहे. एखादी जागा सरकारने दुसऱ्याला दिली आणि तिच्यात आधीपासून कोणी कायदेशीर राहत असेल, तर त्याला नव्या मालकाचा भाडेकरू मानायचं आणि ठरावीक काळ, जास्तीत जास्त दोन वर्षं, हलवायचं नाही. भाडं मात्र वेळेवर द्यायचं. दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आणि फार तर मुळीच नव्हेत.

इंग्लंडमध्ये मार्गारेट थॅचरबाईंनी 1980 मध्ये नगरपालिकांची भाड्याची घरं राहणाऱ्यांनाच सवलतीत विकली, त्याचं केवढं नाव झालं. आपल्याकडे सव्वीस वर्षं आधी हेच घडलं होतं, आणि पुढचा परिणामही तोच झाला. तिकडे विकलेल्या घरांपैकी बरीचशी काही वर्षांत खासगी भाड्याने दिली गेली. इकडे बराकीच्या टोकाची खोली, मागचा पडवीवजा भाग, वर काढलेला माळा, हे सगळं भाड्याने गेलं.

ते कोणाला गेलं, हे मी स्वतः पाहिलं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये बदली कामगार म्हणून लागलेली कोकणातली पोरं. अंबरनाथच्या विम्को काडेपेटी कारखान्यातले, धरमसी मोरारजीच्या केमिकल कंपनीतले. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कुटुंबं. पुढे जीन्सच्या कारखान्यांत शिवणकामाला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे. सिंधी शेठ आणि मराठी भाडेकरू यांचं नातं वाईट होतं असं नाही. दिवाळीला मिठाई, थदडीच्या सणाला गोड लोला, एकमेकांच्या मयताला जाणं. भाड्याचा विषय निघाला की मात्र शेठला आपली पहिली दहा वर्षं आठवायची आणि भाडेकरूला आपली आताची. 'हमने भी बराक का भाडा भरा है,' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की त्यातले किती जण खरोखर भरत होते याची मला शंका आहे. त्यांच्याच डब्यातल्या आठवणपत्रांची सुरुवात मला माहीत होती.

आता जागा खासगी झाली, म्हणजे भाडे कायदा आला. इथे माझा धंदा बहरला. थकबाकीचा दावा जिंकायचा मालकाचा सगळ्यात जुना डाव म्हणजे भाडं न घेणं. शेठ म्हणतो, या महिन्यात राहू दे, पुढच्या महिन्यात एकदम दे. पुढच्या महिन्यात गावी गेलेला असतो. त्याच्या पुढच्या महिन्यात सून सांगते, पावतीबुक सापडत नाही. असे सहा महिने भरले की नोटीस. सहा महिन्यांची थकबाकी, भाड्याच्या दराबद्दल वाद नाही, नोटिशीनंतर महिना उलटला, म्हणजे जुन्या कायद्यात भाडेकरूची बाजू जवळजवळ गेलीच. पावती देणं मालकावर बंधनकारक होतं, न देणं गुन्हा होता. पण पावतीसाठी फिर्याद करणारा भाडेकरू मी एकही पाहिला नाही.

त्यावर उतारा मनीऑर्डरचा. शेठने भाडं नाकारलं की त्याच आठवड्यात मनीऑर्डर करायची. ती 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत येते, आणि तो शेरा म्हणजे भाडेकरूची ढाल. कूपनवर भाड्याचा महिना लिहायचा, हे मी प्रत्येकाला सांगायचो. नाहीतर शेठ म्हणणार, हे उसने घेतलेले पैसे परत आले. जाणते मालक मग मनीऑर्डर घ्यायचे आणि कूपनवर सहीबरोबर लिहायचे, 'हक्कास बाधा न येता.' हे त्यांना कोणी शिकवलं मला ठाऊक नाही. कदाचित मीच, दुसऱ्या बाजूचं टाइप करताना.

सगळ्यात अवघड प्रकरणं टाकलेल्या बायकांची. पावत्या नवऱ्याच्या नावावर. नवरा वारला तर कायदा बाजूने आहे. भाडेकरू मेला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो. पण नवरा मेला नाही, नुसता गेला. दुसरीबरोबर पनवेलला राहतो. बायको पापड लाटून, बटणं लावून त्याच्याच नावाने भाडं भरते, आणि एक दिवस शेठ नवऱ्याला गाठून 'ताबा सोडला' असं लिहून घेतो. अशी एक बाई मला ठाऊक आहे, पाच नंबरला राहायची, नाव घेत नाही. तिचा सगळा पुरावा म्हणजे मुलांचे शाळेचे दाखले, कारण त्यावर पत्ता होता. तडजोड झाली आणि तिने थोडे पैसे घेऊन खोली सोडली. सोडून दिलेल्या बायकोला घरमालकाच्या दाव्यात स्वतः उभं राहून बाजू मांडता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2005 मध्ये. तिला त्याचा उपयोग झाला नाही. तिच्यानंतर आलेल्या दोघी-तिघींना झाला.

अशा बायकांना वकील परवडत नाही, आणि परवडायची गरज नाही हे त्यांना कोणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 पासून. बाई असेल तर उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि अपंगालाही. अर्ज साधा एक पानी आहे. मी त्याचे पैसे घेत नसे, अर्थात त्याचा गवगवाही करत नसे, कारण शेजारच्या टेबलवाल्यांनी कुरकुर केली असती.

या सगळ्याच्या आधी, 1973 मध्ये, जुन्या भाडे कायद्यात एक गंमत झाली. तोवर हुशार मालक भाडेकरार न करता 'लीव्ह अँड लायसन्स' करत, म्हणजे कायदा लागू होऊ नये. सरकारने दुरुस्ती केली: 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचा ताबा चालू आहे ते सगळे परवानाधारक आता भाडेकरू. एका तारखेने हजारो लोक पक्के झाले. मालकांनी त्यातून धडा घेतला. पुढच्या करारांत अकरा महिन्यांहून एक दिवस जास्त नाही, आणि ओळखीशिवाय खोली नाही. पक्क्यांचं भलं झालं, पण त्यांच्यामागे येणाऱ्यांसाठी दार अरुंद झालं. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. थकबाकीच्या नोटिशीची मुदत नव्वद दिवस झाली. समन्स लागल्यावरही नव्वद दिवसांत सगळी थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजाने आणि खर्चासह कोर्टात भरली तर खोली वाचते. इथे लोक फसतात ते भरण्यात नाही. एकदा भरून निर्धास्त होतात आणि दावा चालू असताना दरमहा भरत राहायचं विसरतात. परवानाधारकाला यातलं काही नाही. मुदत संपली की सक्षम अधिकारी, आणि राहिलेल्या प्रत्येक दिवसाला दुप्पट दराने नुकसानभरपाई. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं. हे कलम मला फार आवडतं. वापरलेलं क्वचित पाहिलं.

मी स्वतः अंबरनाथचा. आमच्याकडे उल्हासनगरच्या उलट. 1953 च्या सुमारास ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली आणि तिच्याबरोबर कामगारांची वसाहत. इथे सरकारने भिंती कधीच विकल्या नाहीत. क्वार्टरला भाडं नाही, लायसन्स फी. ती पगारातून कापली जाते, म्हणून थकबाकी नावाची गोष्टच नाही. पण नोकरी संपली की घर संपलं. निवृत्तीनंतर किंवा कामगार वारल्यावर ठरावीक काळ मिळतो, मग 1971 च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली इस्टेट ऑफिसरची नोटीस आणि मग हुकूम, पंधरा दिवसांत खाली करा, आणि राहिलात तर नुकसानभरपाईच्या नावाखाली भाड्याच्या कित्येक पट. दिवाणी कोर्टाचं दार बंद. अपील जिल्हा न्यायाधीशाकडे, तेही बारा दिवसांत. या घरांतून माणसं बाहेर निघाली, खरोखर निघाली. पण निघताना हातात ग्रॅच्युइटी होती, आणि पुढचं स्टेशन बदलापूर होतं.

बदलापूरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे ना छावणी, ना मोठी वसाहत. परळच्या चाळीतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून, आमच्या क्वार्टर्समधून निघालेल्यांनी तिथे जमेल तसा वन रूम किचन घेतला. 1982 च्या गिरणी संपानंतर जे मुंबईबाहेर पडले त्यांतलेही काही तिथे पोचले. भाडेकरूपणातून सुटका करून घेण्याचं गाव, एवढंच.

उल्हासनगरात मात्र गोष्ट पुढे सरकत राहिली. तेरा चौरस किलोमीटरचं गाव, 2011 च्या जनगणनेत पाच लाख सहा हजार माणसं. ती राहणार कुठे? बराकी पडल्या, त्यांच्या जागी चारपाच मजली इमारती आल्या, बहुतेक परवानगीशिवाय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 855 इमारती पाडायचा हुकूम झाला. हा आकडा गावात सगळ्यांना पाठ आहे. तोडमोड सुरू झाली, आंदोलनं झाली, आणि 2006 मध्ये राज्य सरकारने फक्त या एका शहरासाठी बेकायदा बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. म्हणजे पुन्हा तेच. काढायचं तर कुठे, असा प्रश्न पडला की सरकार कागद बदलतं. दंड भरून नियमित होण्याचा अर्ज मालकाने करायचा. त्या अर्जात भाडेकरूचा रकाना मला दिसला नाही. मी असे बरेच अर्ज टाइप केले, म्हणून सांगतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत जीन्सची कारखानदारी बंद पडली आणि खोल्यांमधली माणसं अडकली. 17 एप्रिलला गृहनिर्माण विभागाने सूचना काढली: भाडं किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून कोणाला काढू नका. चांगली सूचना होती. पण तोंडी ठरलेल्या खोलीत, पावती नसलेल्या माणसाला ती कोणत्या दारात दाखवायची? बहुतेकांनी दाखवली नाही. गठडी बांधली आणि चालू लागले. त्या वेळी माझं टेबल बंद होतं. माझ्याकडे आले ते नंतर, डिपॉझिट परत मागायला.

2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं मेली. त्यानंतर धोकादायक इमारतींच्या याद्या लागल्या. 'सी-1' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. या नोटिशीत थकबाकी नाही, मुदत नाही, भांडण नाही. जीव वाचवायला निघायचंच असतं, आणि निघायलाच हवं. मालकाकडे निदान सनद किंवा खरेदीखत आहे. इमारत गेली तरी जमीन राहते. तिसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांवर राहणाऱ्याचं नाव भिंतींबरोबर जातं. भाडे कायद्याखालचा जुना भाडेकरू असेल तर इमारत पडली म्हणून त्याचा हक्क पडत नाही, पण तो भाडेकरू होता हे दाखवायला नंतर काही उरत नाही.

म्हणून हल्ली माझ्याकडे एक नवा अर्ज टाइप होतो. आता संगणकावर, मुलाच्या दुकानात. आयुक्तांच्या नावे, प्रत प्रभाग कार्यालयाला, आवक शिक्क्यासह. इमारत पाडण्याआधी आमच्या खोलीचं मोजमाप घेऊन नोंद करावी. मग मजला, खोली क्रमांक, चटई क्षेत्र चौरस फुटांत, केव्हापासून राहतो, भाडं किती, शेवटच्या पावतीची तारीख, लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक, घरात माणसं किती, त्यांत म्हातारी आणि आजारी किती. सोबत खोलीचे दोन फोटो, एक दारातून आणि एक मोरीकडून. दोन प्रती. एक तिथे द्यायची, शिक्क्याची स्वतःकडे, आणि ती डब्यात तळाशी ठेवायची.